छंदांतला मुलगा-मुलगी फरक: जन्मजात की घडवलेला?

वर्गशिक्षिका | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत शिकवते. आठवीच्या वर्गाला ‘माझा आवडता छंद’ लिहायला दिलं की नाव झाकूनही वही मुलाची की मुलीची हे बहुतेक वेळा ओळखता येतं. मुलांच्या वह्यांत फुटबॉल, गाड्या, पोहणं, कबुतरं, मोबाइलवरचे गेम. मुलींच्या वह्यांत मेंदी, रांगोळी, नाच, चित्रकला, वाचन. पहिलीत हीच पोरं-पोरी एकत्र शिवणापाणी खेळत होती.

स्टाफरूममध्ये विषय निघाला की दोनच उत्तरं येतात. एक, ‘निसर्गानंच तसं घडवलंय, आपण काय करणार’. दुसरं, ‘सगळं आईबापांनी लावलेलं असतं’. मला दोन्ही अपुरी वाटतात. मला जे दिसतं ते मांडते.

या दोन याद्या शेजारी ठेवून बघा. मुलींच्या यादीतले बरेचसे छंद हाक आली की सोडता येतात आणि परत येऊन धरता येतात. मेंदीचा कोन खाली ठेवता येतो, पुस्तक पालथं घालता येतं, भरतकामाची सुई कापडात खोवून उठता येतं. मुलांच्या यादीतले छंद असे सोडता येत नाहीत. मॅच चालू असताना ‘जरा दूध घेऊन ये’ म्हटलं म्हणून गोलकीपर मैदान सोडत नाही. पोहायला गेलेला पोरगा पंचगंगेच्या मध्यावरून परत फिरत नाही.

आता संध्याकाळी साडेपाचचं घर डोळ्यांसमोर आणा. भाऊ दप्तर टाकतो, चहा पितो, पायात चप्पल सरकवतो आणि गेला. बहीण वाळलेले कपडे काढते, घड्या घालते, धाकट्याला बघते, दिवेलागणीला देवापाशी दिवा लावते, कणीक मळते. तिला वेळच नसतो असं नाही. असतो, पण दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. त्या तुकड्यात मावेल तो छंद तिचा होतो. मग आपणच म्हणतो, मुलींना मेंदीची उपजतच आवड.

जन्मजात काहीच नसतं असं माझं म्हणणं नाही. पण ते किती असतं हे ठरवायच्या आधी मुलीला सलग दोन तास कुणी देतं का, हे बघायला हवं. अनुभव लिहा, विरोध असेल तर तोही लिहा.

पेठेतला_गोलकीपर | सोमवार, रात्री ९.५२

ताई, मला अर्धंच पटलं. माझी मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. घर एक, आई एक, खेळण्यांची टोपली एकच. पोरगा दीड वर्षाचा होता तेव्हा पोळपाट आडवा करून फरशीवर गाडीसारखा ढकलायचा, तोंडानं घर्रर्र आवाज. पोरगी त्याच वयात माझा जुना फुटबॉल टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि थोपटायची. आम्ही दोघांना काहीच शिकवलं नव्हतं. उलट मला पोरीनं बॉलला लाथ मारावी असं फार वाटत होतं.

दीड वर्षाच्या लेकराला कोण दूध आणायला पाठवतंय? तुमचा हाकेचा मुद्दा तेराव्या वर्षी लागू होईल, दीडाव्या नाही.

कसबा_बावडा | सोमवार, रात्री १०.०५

गोलकीपरांना अनुमोदन. आमच्याकडंही अगदी असंच.

स्टेथोस्कोप | सोमवार, रात्री ११.२०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. गोलकीपरदादांचा आक्षेप बाजूला सारण्यासारखा नाही. खेळण्यांच्या निवडीतला फरक दीड-दोन वर्षांपासून दिसतो, असं अनेक अभ्यासांत आलंय. त्याचं एक कारण शरीरातलं असावं असं मानायला सगळ्यात भक्कम पुरावा एका आजारातून मिळतो, म्हणून तो नीट सांगते.

कन्जेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेशिया हा जन्मजात विकार. मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत एक विकर कमी पडतं, आणि बाळ पोटात असतानाच त्याच्या अंगात अँड्रोजेन ही पुरुषांत जास्त असणारी संप्रेरकं खूप वाढतात. मुलगी असेल तर जन्मानंतर निदान होतं, औषध सुरू होतं आणि ती मुलगी म्हणूनच वाढते. १९९२ मध्ये बेरेनबॉम आणि हाइन्स या संशोधकांनी अशा मुलींना वेगवेगळी खेळणी देऊन त्यांचं निरीक्षण केलं. त्या इतर मुलींपेक्षा गाड्या आणि ठोकळ्यांशी जास्त वेळ खेळल्या. लगेच शंका येते की आईबापच त्यांना मुलासारखं वागवत असतील. २००५ मध्ये एका गटानं तेही तपासलं. या मुली बाहुल्यांशी खेळल्या की पालक त्यांचं जास्तच कौतुक करत होते. तरीही ओढ गाड्यांकडेच राहिली. म्हणजे पालक एका दिशेला ओढत होते आणि मूल दुसऱ्या. हे निव्वळ शिकवणुकीनं समजावता येत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २००० साली अमेरिकेत अकरा महिन्यांच्या रांगत्या बाळांवर एक प्रयोग झाला. उतरता फळा, त्याचा उतार कमी-जास्त करता येणारा. आयांना आधी विचारलं, तुमचं बाळ किती उतारावरून खाली येऊ शकेल? मुलग्यांच्या आयांचे अंदाज जवळपास बरोबर आले. मुलींच्या आयांनी क्षमता कमी धरली. प्रत्यक्षात मुलं आणि मुली सारखीच रांगत उतरली. अकरा महिन्यांच्या मुलीला अजून कुणी हाक मारून कामाला लावलेलं नाही, पण ‘तिला जमणार नाही’ हा अंदाज घरात येऊन बसलेला असतो. हा अंदाज ‘मी दोघांना सारखंच वाढवलं’ असं मनापासून म्हणणाऱ्या घरातही असतो, कारण तो आपल्याला स्वतःला दिसत नाही.

चौसष्ट_घरं | मंगळवार, सकाळी ७.४०

डॉक्टर, माकडांवरच्या प्रयोगाचं काय? नर माकडांनी गाडी उचलली आणि मादीनं बाहुली, असं व्हॉट्सअ‍ॅपवर दर महिन्याला कुणीतरी पाठवतं.

स्टेथोस्कोप | मंगळवार, सकाळी ८.१५

दोन प्रयोग प्रसिद्ध आहेत. २००२ चा व्हर्व्हेट माकडांवरचा आणि २००८ चा रीसस माकडांवरचा. पहिल्यात ‘मुलींची खेळणी’ म्हणून बाहुली आणि स्वयंपाकाचं भांडं ठेवलं होतं. माकडाला भांडं काय कळणार? त्याला ते रंगीत, धरण्याजोगी वस्तू म्हणूनच दिसणार. दुसऱ्यात नर माकडं चाकांच्या खेळण्यांकडे ठळकपणे वळली, माद्यांनी मात्र चाकाची आणि कापडी, दोन्ही खेळणी हाताळली. हलणाऱ्या, ढकलता येणाऱ्या गोष्टींची ओढ नरांत जास्त, इतपत म्हणता येईल. तिथून थेट आठवीच्या वहीवर उडी मारता येत नाही.

हादगा | मंगळवार, दुपारी २.३०

मी वयानं तुम्हा सगळ्यांहून मोठी असेन. शिकलेल्या लोकांचे प्रयोग वाचले, समाधान वाटलं. आता माझं ऐका.

मुलींना दांडगाईचे खेळ नको असतात हे मला कुणी सांगू नये. आमच्या गल्लीत हस्त लागला की हादगा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, खिरापत ओळखायची. पण फेर संपला की खरा खेळ सुरू व्हायचा. फुगडी, बसफुगडी, झिम्मा, कोंबडा. दोघी एकमेकींचे मनगट धरून अशा गरगरायच्या की बघणारीला चक्कर यावी. मंगळागौरीला रात्र जागवायचो. घोटे सुजायचे, गुडघे फुटायचे, कुणी रडत घरी जात नव्हतं. ताकद होती, ईर्ष्या होती, हरल्याचा राग होता. फक्त त्याला वर्षातले मोजके दिवस नेमून दिलेले. मुलांच्या तालमीला बारा महिने.

लग्न झालं आणि तेही गेलं. पुढची सगळी वर्षं माझा छंद विचारला असता तर मी ‘विणकाम’ म्हटलं असतं. स्वेटर विणले, रुमाल केले, तोरणं केली. साठी ओलांडल्यावर सुना घरात रुळल्या, सकाळचा डबा माझ्याकडून सुटला, तेव्हा शेजारणींबरोबर चालायला लागले. आधी रंकाळ्याला फेरी, मग जोतिबाचा डोंगर, मग पावसात पन्हाळा ते पावनखिंड. त्या चिखलातून पहिल्यांदा चालले तेव्हा कळलं, हे मला आयुष्यभर हवं होतं. सुया कपाटात गेल्या त्या गेल्याच.

माझा जन्म तोच, आईबापांची शिकवण तीच. बदलली फक्त सकाळ. वर्गशिक्षिकाबाई म्हणतात ते मला शब्दशः पटतं.

आकडेमोड | मंगळवार, संध्याकाळी ६.०५

हादगाकाकूंच्या सकाळीचा देशभराचा हिशोब सरकारकडे आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट यांसारख्या घरच्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८. हे आकडे जे लोक ही कामं करतात त्यांचेच आहेत. २०१९ मध्ये अशी कामं करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. बाकीच्या पुरुषांचा आकडा शून्य.

मात्र जन्मजात बाजूचाही एक आकडा ठेवतो, कारण तो मोठा आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आवडीनिवडीच्या चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला. पाच लाखांहून जास्त माणसं. पुरुषांचा कल वस्तू आणि यंत्रांकडे, स्त्रियांचा माणसांशी संबंध येणाऱ्या कामांकडे, आणि हा फरक मानसशास्त्रात क्वचित दिसावा इतका ठळक. याउलट मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये अशा ४६ एकत्रित अभ्यासांची छाननी केली, तेव्हा बुद्धी, भाषा, स्वभाव वगैरे मिळून ७८ टक्के फरक किरकोळ किंवा जवळजवळ शून्य निघाले. म्हणजे माणसं बहुतेक बाबतींत सारखी, आणि नेमकी आवडीच्या बाबतीत वेगळी. क्षमता सारखी असताना आवड एवढी वेगळी का, इथंच मला खरा प्रश्न दिसतो.

आणि पाच लाख माणसांना विचारलं तरी ती मोठी झालेलीच माणसं होती. चाचणीत कल उमटतो, तो कुठून आला ते उमटत नाही.

उद्यमनगर_लेथ | मंगळवार, रात्री ९.३०

यंत्राचा विषय निघाला म्हणून लिहितो. शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल. आमच्या भागातली पोरं यंत्राची आवड घेऊन जन्मतात असं मीही मानत आलो, कारण डोळ्यांनी तेच बघितलं. बापाचा डबा घेऊन आलेलं पोरगं दारात उभं राहतं, मग मशीनजवळ सरकतं, चिपा कशा गुंडाळत पडतात ते बघतं. कामगार म्हणतो, ‘ये रे, हे जरा धर.’ सहा महिन्यांत त्याला पाना, स्पॅनर, ॲलन की सगळं नावानिशी ठाऊक.

लॉकडाऊन उठल्यावर कामगार गावाकडून परत आले नव्हते. ऑर्डर अडकलेली. कॉलेज बंद, म्हणून मुलगी मदतीला आली. जॉब म्हणजे घडवायचा तुकडा मशीनच्या चकमध्ये धरणं, सेंटर काढणं, फेसिंग, मग टर्निंग. पहिल्या आठवड्यात टूल मोडलं, ते कुणाच्याही हातून मोडतं. पुढं ती व्हर्नियर बाजूला ठेवून त्याहून बारीक मोजणारा मायक्रोमीटर मागायला लागली. शेवटचा कट घेताना श्वास रोखून हँडलवरची रेघ बघायची, आणि साइज बरोबर आला की तो जॉब पुसून उन्हात धरून बघायची. ही नजर मी तिच्या भावात कधी पाहिली नाही, तो मोबाइलवर असतो.

मग मी आठवायला बसलो. डबा तर तीही आणायची की लहानपणी. पण ती आली की आम्ही म्हणायचो, ‘दे इकडं आणि जा घरी, इथं गर्दीत थांबू नको.’ मशीन तुझ्यासाठी नाही असं एकदाही कुणी बोललं नाही. तिची काळजीच होती त्यात. पण पोराला दारात उभं राहायला मिळालं आणि पोरीला नाही.

आता ती मेकॅनिकल डिप्लोमा करते आणि सुट्टीला लेथवर असते. पितळेचे भोवरे काढते, गल्लीतली पोरं रांग लावतात.

कागलकडचा | बुधवार, सकाळी ६.५०

आमच्याकडं मुरगूडला पोरी कुस्ती मारतात, सकाळी यायचं आणि बघायचं. कोल्हापुरातलं खासबागचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलं. महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ साली, आणि महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली २०२३ साली, सांगलीत. मधल्या शंभर वर्षांत पोरींना कुस्ती आवडत नव्हती हे कुणी कशावरून ठरवलं? आखाडाच नव्हता तर आवडणार काय? पोरीला बाहेरनं हलगी ऐकू यायची, एवढंच.

पेठेतला_गोलकीपर | बुधवार, सकाळी ९.१५

कागलकर, कुस्तीचं मान्य. पण फुटबॉलला तर कुणी बंदी घातली नव्हती ना? शाहू स्टेडियमला मॅच असली की गॅलरीत पोरी किती दिसतात? हातावर मोजण्याइतक्या. बघायला तरी यायला काय हरकत आहे?

चौथी_गॅलरी | बुधवार, दुपारी १.००

दादा, बंदी घातली होती. आपल्याकडं नाही, फुटबॉलच्या माहेरी.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कारखान्यांत कामाला लागलेल्या मुलींनी फुटबॉल संघ काढले. १९२० च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या संघाची मॅच बघायला ५३ हजार माणसं आली होती. पुढच्याच वर्षी, १९२१ च्या डिसेंबरात, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं हा खेळ बायकांना शोभणारा नाही असं सांगून आपल्या सदस्य क्लबांची मैदानं महिलांच्या मॅचसाठी बंद केली. ती उघडायला सत्तरचं दशक उजाडलं. आणि ज्या ब्राझीलचे झेंडे आपण वर्ल्डकपला पेठेपेठेत लावतो, त्या ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांना फुटबॉल खेळायला कायद्यानं मनाई होती. पेलेच्या पूर्ण कारकिर्दीत त्या देशातली एकही मुलगी कायदेशीर फुटबॉल खेळू शकत नव्हती.

आवडच नसती तर बंदी कशाला लागली असती?

पेठेतला_गोलकीपर | बुधवार, दुपारी १.४०

हे ब्राझीलचं खरंच नवीन आहे मला. आमच्या मंडळाच्या भिंतीवर पेलेचं चित्र आहे. आज संध्याकाळी पोरांना सांगणार.

पण दीड वर्षाच्या लेकीनं बॉल मांडीवर घेऊन थोपटला, हे कुठल्या बंदीनं झालं? त्यावर मी ठाम आहे. थोडं तरी आतून येतं.

वर्गशिक्षिका | बुधवार, रात्री ८.४५

गोलकीपरदादा, थोडं आतून येतं हे धरूनच चालू या. स्टेथोस्कोपताईंनी दिलेला पुरावा नाकारावा असं मला वाटत नाही. प्रश्न पुढच्या बारा वर्षांचा आहे. दीड वर्षाची तुमची लेक बॉल थोपटत होती, म्हणजे बॉल तिच्या मांडीवर होता. त्या बॉलशी तिनं पुढं काय केलं असतं हे बघायला तिला कुणाची सोबत मिळाली? मुलगा पोळपाट ढकलत होता, त्याला कुणी पोळ्या लाटायला बसवलं का? सुरुवातीचा फरक बोटभर असेल, तर आपण त्याच दिशेनं रोज थोडं थोडं ढकलत राहतो आणि आठवीत तो हातभर होतो.

फेकण्याच्या जोराचं उदाहरण घ्या. हाइड यांच्या छाननीत उरलेल्या मोजक्या मोठ्या फरकांत तो एक आहे, आणि त्यात खांदा-हाताची ठेवण नक्कीच येते. तरी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांची तपासणी झाली, जिथं फेकून शिकार करण्याची परंपरा मुलींनाही होती, तेव्हा मुलामुलींतला फरक राहिला, पण अमेरिकी मुलामुलींपेक्षा बराच कमी निघाला. शरीर आणि सराव दोन्ही एकाच हातात असतात, त्यांची वाटणी करून आकडा काढता येत नाही.

चौसष्ट_घरं | बुधवार, रात्री १०.१०

हाक आली की सोडता येण्याच्या मुद्द्यावर बुद्धिबळाचं बघा. पट मांडला की उठायचं नाही, घड्याळ चालू असतं. म्हणजे तुमच्या हिशोबानं हा मुलींना न परवडणारा छंद. आणि तरी भारतीय महिला बुद्धिबळाची सुरुवात मराठी घरातून झाली. १९७४ पासून पुढची दहा वर्षं राष्ट्रीय महिला अजिंक्यपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर बहिणींच्या बाहेर गेलं नाही. एकाच घरातल्या तिघी. घरात पट मांडलेला, हाक मारून उठवणारं कुणी नाही. हंगेरीच्या पोल्गार बहिणींचंही तेच. बापानं मुलींना लहानपणापासून बुद्धिबळातच वाढवायचं ठरवलं आणि धाकटी ज्युडिट १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तिनं बॉबी फिशरचा सगळ्यात लहान वयाचा विक्रम मोडला.

एका घरात तीन-तीन बहिणी निघतात तेव्हा रक्तही एक असतं आणि घरही एक. त्यामुळे हा पुरावा नुसता घडणीच्या खात्यात टाकू नका. पण बाजूच्या शंभर घरांत तेवढीच हुशार मुलगी असेल आणि तिथं पटच नसेल, हेही विसरू नका.

रुईकर_कॉलनी | बुधवार, रात्री १०.३५

आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला रायफलमध्ये जागतिक विजेत्या झाल्या, राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण घेऊन आल्या. बंदूक ही काही बायकांची आवड म्हणून कुणी सांगितली नसती. अजून काय पुरावा हवा?

आकडेमोड | बुधवार, रात्री ११.००

अभिमान मलाही आहे, पण दोन विजेत्यांवरून सरासरी कळत नाही. ताराराणींनी मोगलांशी झुंज दिली म्हणून त्या काळच्या सगळ्या बायका घोड्यावर बसत होत्या असं होत नाही. विजेत्यांनी इतकंच सिद्ध होतं की दार बंद नसतं तेव्हा आत जाणारी असते.

दुकानातली_सुई | गुरुवार, दुपारी ३.२०

या धाग्यावर उलट बाजूनं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी पुरुष आहे आणि क्रोशा करतो.

महाद्वार रोडच्या आतल्या बोळात आमचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, ठाण उलगडतं, जातं. मध्ये वीस मिनिटं काही नाही, मग एकदम चौघं. पुस्तक वाचायला घेतलं तर ओळ हरवते. आईचा अर्धा विणलेला रुमाल दुकानात पडून होता, तिचे डोळे गेल्यावर कुणी पूर्ण केला नव्हता. एकदा तो हातात घेतला. गिऱ्हाईक आलं की सुई टाक्यात अडकवून ठेवायची, गेलं की पुढचा टाका. वर्गशिक्षिकाताईंनी लिहिलेलं वाचून मी चकित झालो, कारण माझा वेळ बायकांसारखा तुकड्यांचा आहे आणि मला छंदही तोच लागला. फ्रान्समध्ये लांद नावाच्या दलदलीच्या भागात पूर्वी मेंढपाळ बाप्ये उंच काठ्यांवर उभं राहून मेंढरं राखायचे आणि राखता राखता विणायचे. त्याची चित्रं बघितली आहेत. काम तसं, म्हणून हातातला छंद तसा.

पण मला सोसावं लागलं ते वेगळंच. माझी मुलगी जीन्स घालून बुलेट शिकली तर सगळी गल्ली कौतुक करते. मी सुई धरली तर जुने दोस्त दुकानात येईनासे झाले. एक जण सगळ्यांसमोर असं बोलला की तो शब्द इथं लिहिणार नाही. कित्येक दिवस सुई गल्ल्याच्या खणात लपवत होतो. मुलींना वेळ मिळत नाही, मुलांना परवानगी मिळत नाही. मुलगे मेंदी-रांगोळीत दिसत नाहीत याचं कारण शोधताना त्यांच्या संप्रेरकांच्या आधी त्यांच्या दोस्तांकडं बघा.

स्टेथोस्कोप | गुरुवार, रात्री ९.००

दादा, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमचा अनुभव एकट्याचा नाही. मुलीनं मुलाचं खेळणं घेतलं तर चालतं, मुलानं मुलीचं घेतलं तर घरातले, विशेषतः वडील आणि बरोबरीची मुलं, जास्त तीव्रपणे अडवतात, हे १९८० पासूनच्या अभ्यासांत आहे. माझ्याकडे चार वर्षांच्या मुलांना घेऊन बाप येतात, ‘डॉक्टर, हा बाहुली मागतो, काही टेस्ट करायची का?’ टेस्ट करायची नसते. बाहुली घेऊन द्यायची असते.

नववीची_आई | शुक्रवार, सकाळी ११.१०

रोज वाचत होते, आज लिहिते. मुलगी नववीत आहे. शाळेच्या संघात फुटबॉल खेळायची. हल्ली म्हणते, ‘आवडत नाही आता.’ आमच्या घरात तिला हाक मारून कुणी उठवत नाही, सरावाला तिचे बाबा स्वतः सोडतात. त्यामुळे मी धरून चालले होते की वय वाढलं, आवड बदलली, असेल निसर्ग. हा धागा वाचून काल रात्री जवळ घेऊन नीट विचारलं. बऱ्याच वेळानं बोलली. संघाची चड्डी पांढरी आहे. मैदानाजवळ बायकांसाठी एकही बाथरूम नाही. पाळीच्या दिवसांत ती सराव चुकवते, मग सर मॅचला बाहेर बसवतात, मग बाकीच्या विचारतात का. तिला फुटबॉल नकोसा झालेला नाही.

चौथी_गॅलरी | शुक्रवार, दुपारी १२.३०

वहिनी, २०२३ च्या महिला वर्ल्डकपला इंग्लंडच्या संघानं याच कारणानं पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या घेतल्या. खेळाडूंनी स्वतः मागणी केली होती. शाळेत हे उदाहरण दाखवा, लाजायचं कारण नाही.

हादगा | शुक्रवार, दुपारी १.१५

पोरीला माझा आशीर्वाद सांग. आणि सरांशी तिच्या बाबांनी बोलावं, तू एकटीनं नको. बाप बोलला की मास्तर ऐकतात, अजून तरी तसंच आहे.

पेठेतला_गोलकीपर | शुक्रवार, रात्री ९.४०

वहिनी, मी हे आमच्या मंडळात आज मांडलं. शनिवार-रविवार सकाळी सात ते नऊ मैदान आमच्याकडं असतं, त्यातला आठ ते नऊ मुलींना द्यायचं ठरलंय. मैदानासमोर माझ्या बहिणीचं घर आहे, तिचं बाथरूम वापरायचं, तिनं स्वतःहून सांगितलंय. जर्सी काळी-निळी करतोय. माझी पोरगी पण येणार आहे, ती मला म्हणाली की तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तुमची कुठल्या जागी खेळते?

नववीची_आई | शुक्रवार, रात्री ९.५५

डिफेन्सला, डाव्या बाजूला. उद्या पावणेआठला घेऊन येते. मैदान कुठलं ते मेसेजमध्ये कळवा.